आधी गाडीखाली

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक पाटेवाला होता. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, जीप, जे जे कमानपाट्यांवर उभं असतं ते सगळं त्याच्याकडे यायचं. भट्टी, ऐरण, घण आणि एक भलामोठा व्हाइस, एवढाच त्याचा कारखाना. गाडी दारात आली की मालकाकडे न बघता तो आधी तिच्या मागे जाऊन उकिडवा बसायचा, दोन्हीकडच्या पाट्यांची उंची डोळ्यांनीच मोजायचा आणि मग विचारायचा, "रस्त्यावर पळवायची हाय, का रानात घालायची?" बहुतेक मालक म्हणायचे, "दोन्ही." त्यावर तो हसायचा. "मग दोन्हीकडं थोडी थोडी वाईट चालंल. चालतंय न्हवं?"

चाळीस वर्षांत मी बरीच मॅन्युअलं वाचली. हे इतक्या सरळपणे एकातही लिहिलेलं नाही.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. वर्गात कापून ठेवलेलं इंजिन असायचं, लाल-निळ्या रंगांनी रंगवलेलं, म्हणजे पोरांना पेट्रोलची वाट आणि पाण्याची वाट वेगळी दिसावी. ते उपयोगाचं होतंच. पण गाडी खरी कळली ती शनिवारी दुपारी, स्वतःच्या जिप्सीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत माती पडत असताना. हे पुस्तक त्या शनिवारांतून झालं आहे. जुनी फोर-बाय-फोर गाडी ज्याच्याकडे आहे किंवा जो ती घ्यायला निघाला आहे, आणि जिला तो डोंगरात, नदीपात्रात, पावसाळ्यातल्या रानवाटेवर नेणार आहे, अशा माणसासाठी ते लिहिलं आहे. नव्या गाड्यांत संगणक कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा ते ठरवतो. त्या गाड्या चांगल्याच आहेत, पण त्या उघडायच्या तर पान्ह्याआधी लॅपटॉप लागतो. मला इथे बोलायचंय ते पान्ह्याने उघडणाऱ्या गाड्यांबद्दल.

आपल्याकडे अशा गाड्यांची मुख्यतः तीन घराणी आहेत. पहिलं जीपचं. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीसाठी प्रस्ताव मागवले. कार्ल प्रॉब्स्ट यांनी बँटम या लहानशा कंपनीसाठी घाईघाईने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला पहिली गाडी लष्करापुढे उभी राहिली. मोठी ऑर्डर मात्र विलिस आणि फोर्ड घेऊन गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. इकडे १९४५ साली मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली होती. फाळणीनंतर ती महिंद्र अँड महिंद्र झाली आणि सुट्या भागांत आलेल्या विलिस जीप मुंबईत जोडू लागली. सीजे-३बी हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं रूप. तिचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच का, असं पोरं नेहमी विचारायची. त्यात 'हरिकेन' इंजिन बसवायचं होतं. त्याचे इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये वर असल्याने ते जुन्या इंजिनापेक्षा उंच झालं, म्हणून पत्रा वर उचलला. सौंदर्याचा त्यात काही संबंध नाही. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ एवढीच बनली. आपल्याकडे तिची लेकरं-नातवंडं त्यानंतरही कित्येक दशकं बनत राहिली. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, ती इंजिनं इगतपुरीला बनू लागली, आणि एमएम ५४० सारख्या गाड्यांतून तीच इंजिनं घाटमाथ्यावर आली. जीपची पेट्रोलची तहान ज्यांना परवडत नव्हती त्यांनी जुन्या गाडीत हेच डिझेल उतरवून घेतलं. अशी 'डिझेल केलेली' जीप दिसली नाही असा तालुका शोधून सापडायचा नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. गावोगावी वडापला धावलेल्या बहुतेक जीप टू-व्हील ड्राइव्ह होत्या. विकणारा छातीवर हात ठेवून "फोर-बाय-फोर आहे साहेब" म्हणतो. त्याच्याशी वाद घालू नका, वाका आणि पुढच्या अ‍ॅक्सलकडे बघा. मागच्यासारखाच टरबुजाएवढा गोळा पुढेही असेल तर बोलणी पुढे न्या. तिथे नुसती सरळ पट्टी असेल तर चहा पिऊन घरी या.

दुसरं घराणं जोंगाचं. निसान पॅट्रोल ही जपानी गाडी जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनायची. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जोंगा हा शब्द झाला. सहा सिलिंडर, चार लिटरच्या जवळपासचं पेट्रोल इंजिन. लष्कराच्या डिस्पोजलमधून त्या बाहेर आल्या आणि हौशी माणसांनी डोळे झाकून घेतल्या. टाकी पहिल्यांदा भरल्यावर ते डोळे उघडले.

तिसरं घराणं जिप्सीचं, आणि माझा जीव यात अडकला आहे हे आधीच कबूल करतो. सुझुकीच्या एसजे-४१० वरून मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आणली. सुरुवातीला ९७० सीसी, जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं आणि २००० च्या सुमाराला त्याला फ्युएल इंजेक्शन मिळालं. चारही बाजूंना कमानपाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, शिडीसारखी चेसी. वजनाला इतकी हलकी की रुतली तर चार-पाच माणसं तिला हाताने हलवतात. लष्कर, पोलीस, वनखातं, ताडोब्याची सफारी, सगळीकडे ती राबली. २०१९ मध्ये कंपनीने नव्या ऑर्डरी घेणं थांबवलं तेव्हा तिचा मूळ साचा बदलाविना तीन दशकांहून जास्त चालला होता. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि म्हणूनच ती शिकण्यासाठी सगळ्यात चांगली शाळा आहे.

आता या गाड्या चालतात कशा ते बघू. पुस्तकातली निम्मी प्रकरणं यावर उभी आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो. तिथून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक मागे, एक पुढे. ट्रान्सफर केसमध्ये गिअरची आणखी एक जोडी असते, ती लावली की 'लो'. मूळ सीजे-३बीचा हिशेब करून बघा. पहिला गिअर २.७९८, लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे इंजिनाच्या सदतीस फेऱ्यांत चाकाची एक फेरी. इंजिन हजारावर घुमत असेल तर जीप ताशी चारेक किलोमीटरने जाते, म्हणजे जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या माणसाच्या चालीने. क्लच सोडून पाय खाली ठेवला तरी ती दगडावर चढत राहते. रानातलं कौशल्य म्हणजे ॲक्सिलरेटर दाबणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा गुणाकार मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवायचो आणि आठवडाभर पुसू द्यायचो नाही.

पण या व्यवस्थेत एक खोट आहे. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं अंतर कापावं लागतं, म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सलच्या त्या गोळ्यात डिफरेन्शियल असतं. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर पकड नसलेल्या चाकाला जेवढा सोसतो तेवढाच. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, मग दुसऱ्याच्याही वाट्याला काहीच येत नाही. म्हणून 'फोर-बाय-फोर' गाडीचं पुढचं एक आणि मागचं एक चाक गरागरा फिरतं, बाकीची दोन शांतपणे बघत बसतात, आणि मालक खाली उतरून म्हणतो, "चारही चाकं ओढतात असं सांगितलं होतं की!" नेमकं हे कळलं की दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा लॉकर कशासाठी असतो ते कळतं, पाट्यांना लवचीकपणा का हवा तेही कळतं. चाक जमिनीवर टेकलेलं राहिलं तर लॉकरची गरज निम्मी होते.

याच डिफरेन्शियलने मला एकदा आयुष्यभराचा धडा दिला. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मी तेव्हा नवखा. राधानगरीच्या वाटेवर उतारावर मागचं चाक पंक्चर झालं. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, जॅक लावला. चाक जमिनीपासून सुटलं आणि जीप चालायला लागली. शाफ्ट घट्ट धरलेला होता, पण उचललेलं चाक उलट फिरायला मोकळं होतं, त्यामुळे जमिनीवरचं चाकही मोकळं झालं. जॅक आडवा, जीप खड्ड्यात, मी गवतात. दगडाची उटी चाकाला लावणं हे जुन्या ड्रायव्हरांचं वेड नाही हे त्या दिवशी पटलं. आणखी एक, त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. मी ते सुलट समजून पाइप घालून ओढत होतो. दोन बोल्ट तोडल्यावर थांबलो.

या पुस्तकाचा क्रम काही वाचकांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे. मोठे टायर, उंच पाटे, विंच, लॉकर हे सगळं उत्तरार्धात आहे. पूर्वार्ध सगळा दुरुस्तीचा. प्रकाशकांनी क्रम उलटा करायला सुचवलं होतं, ते मी ऐकलं नाही. त्याला कारण माझी पहिली जिप्सी.

गाडी आणल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी तिला पाटे चेसीला जोडणारे लांब शॅकल लावले आणि मोठे टायर चढवले. दिसायला अशी रुबाबदार की शेजारचे फोटो काढून गेले. गगनबावड्याच्या रस्त्यावर साठच्या वेगाला पुढचं डावं चाक एका छोट्या खड्ड्यातून गेलं आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर वाढत वाढत इतकी झाली की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी आपटत होती आणि डॅशबोर्डवरचे गणपती खाली पडले. ब्रेक लावून पूर्ण थांबेपर्यंत ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात मिस्त्रीने चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं आणि टकटक आवाज ऐकवला. किंगपिनची बेअरिंगं खलास होती. ती मी गाडी घेतली तेव्हाही खलासच होती, पण मूळ टायर आणि मूळ कोनांनी ते झाकून ठेवलं होतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल समोरच्या टोकाला असतं. ते लांब केलं की अ‍ॅक्सल किंचित पुढे कलतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. चाक आपोआप सरळ यायचं ते या कोनामुळे. मी तो कमी केला, वर जड टायर दिले, आणि आत सैल बेअरिंग. मिस्त्री फक्त एवढंच म्हणाला, "तुम्ही वरनं शेला नेसवला साहेब, खाली धोतर फाटलेलं."

तेव्हापासून मी प्रत्येक बदलाकडे उधारीसारखं बघतो. घेताना मजा वाटते, पण ती गाडीच्या कुठल्या भागाकडून घेतली आणि तो कधी वसुलीला येईल हे माहीत पाहिजे. टायरचंच घ्या. जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ६६८ मिलिमीटरचा ७३३ च्या आसपास होतो. पासष्ट मिलिमीटर वाढला, पण गोळा जमिनीपासून वर उचलला जातो तो त्याच्या निम्म्याने, सव्वातीन सेंटिमीटर. हेच खरं क्लिअरन्स. बॉडी कितीही उंच करा, गोळा टायरशिवाय उंच होत नाही. आता वसुली बघा. चाक दहा टक्के मोठं झालं म्हणजे सगळे गिअर दहा टक्के उंच झाले. लो मधली शतपावली आता भरभर चालणं झालं. इंजिनाला तोच चढ जड लागतो. ब्रेकला लांब तरफेविरुद्ध झगडावं लागतं. हब बेअरिंग, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, पुढच्या अ‍ॅक्सलच्या आतले सीव्ही जॉइंट, सगळ्यांवर भार वाढतो. आणि स्पीडोमीटर ऐंशी दाखवतो तेव्हा तुम्ही अठ्ठ्याऐंशीने जात असता.

पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, हा दुसरा लोकप्रिय बदल. एका दिवसाच्या वेल्डिंगमध्ये गाडी चार-पाच इंच उंच. दिसायला स्वस्त, आणि पाट्यांचा मूळ मऊपणाही टिकतो, म्हणून मला तो मनापासून आवडतो. पण पिनियनचा कोन बदलला की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ओरडायला लागतो. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक तिरपा झाला की खड्ड्यात गाडी स्वतःच वळते. ब्रेकचे होज पाइप तोकडे पडतात, आणि ते तोकडे पडलेत हे गाडी सरळ उभी असताना कळत नाही, चाक पूर्ण लटकल्यावर कळतं. जोरात क्लच सोडला की अ‍ॅक्सल पाट्यांना पिळतो. या प्रत्येकाला उपाय आहे आणि तो पुस्तकात दिला आहे. पण चारही उपाय करायचे नसतील तर मूळ बदल करू नका. मधल्या टप्प्यावर थांबलेल्या गाड्या मी सर्वात जास्त बघितल्या आहेत आणि सर्वात जास्त मोडलेल्याही त्याच.

डिफरेन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून 'फुकटचा लॉकर' करणारेही आहेत. रानापुरत्या, ट्रॉलीवरून नेल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या गाडीत ते चालून जातं. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो आणि एक दिवस अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो. रस्त्याच्या गाडीसाठी मी तो या पुस्तकात मुद्दाम शिकवलेला नाही.

पाण्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि सह्याद्रीत ओढ्यांची कमी नाही. लोक इंजिनाला जपतात, स्नॉर्कल लावतात. ते बरोबरच आहे. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण ओढ्याचा खरा चोर अ‍ॅक्सलमध्ये शिरतो. तासभर चालून गोळा तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. गाडी काहीच सांगत नाही. महिन्याने ड्रेन प्लग उघडला की गिअर ऑइलऐवजी दुधाळ चहा बाहेर येतो, आणि तोवर क्राऊन-पिनियनला गंजाचे डाग पडलेले असतात. उपाय साधा आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर न्यायची. खर्च एका थाळीएवढा. स्नॉर्कलचा खर्च किती होतो ते तुम्हाला माहीत आहेच. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या जीपला तर ओढा ओलांडल्यावर काही अंतर ब्रेकच नसतात. पाय हलका ठेवून ते सुकवत न्यावे लागतात, आणि समोर उतार असेल तर आधी थांबावं लागतं.

कायद्याचा भाग टाळला तर वाचकांची फसवणूक होईल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील आणि गाडी यांत कंपनीने ठरवलेल्या रूपापेक्षा फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करावी लागते, तेव्हा पासिंगला गाडी उभी राहते. इन्स्पेक्टर चेसी नंबर बघतो, इंजिन नंबर बघतो, आणि उंच केलेली गाडी त्याला लांबूनच दिसते. इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी. डिझेल केलेल्या किती जीप कागदावर अजून पेट्रोलच आहेत, हा उद्यमनगरातला जुना विनोद आहे, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने कागद मागितले की तो विनोद राहत नाही. म्हणून मी बदलांचे दोन गट केले आहेत. एका गटात काढता येतात किंवा मूळ मापात राहतात ते. दुसऱ्यात स्पर्धेच्या किंवा खासगी जागेतल्या गाडीपुरते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या दुसऱ्या गटातल्या. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या गाडीतून सोमवारी कोणी ऑफिसला जात नाही.

जमिनीचं प्रकरण लिहिताना मला सगळ्यात जास्त मजा आली. कारण टायरबद्दल जगभर जे लिहिलं जातं ते वाळवंट, बर्फ, जंगलातला चिखल यांबद्दल असतं. आपल्या काळ्या रानाबद्दल कोणी लिहीत नाही. पावसात ही माती टायरच्या खाचांत बसते ती सुटत नाही, दोन फेऱ्यांत चाकावर भाकरी थापल्यासारखी होते आणि महागडा मड टायर गोटा होऊन जातो. तिथे रुंद टायरपेक्षा अरुंद बरा, तो खालच्या घट्ट थराला लवकर पोचतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल वाटा उलट, वरून साबण आणि खाली दगड. नदीपात्रातल्या गोट्यांवर टायरमधली हवा तीसवरून अठरावर आणली की तोच टायर दगडाला मिठी मारतो. हवा कमी करणं हा मला माहीत असलेला एकमेव बदल आहे ज्याला पैसे लागत नाहीत, पासिंगची अडचण नाही, आणि ज्याची वसुली छोट्या कॉम्प्रेसरने दहा मिनिटांत होते. तरी लोक आधी विंच घेतात.

एका जमिनीवर मात्र गाडी घालू नका. रत्नागिरी, राजापूर, लांज्याचे सडे वरून ओसाड दिसतात. उक्षी, बारसू, देवीहसोळ, कशेळी या गावांच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली. जांभा मऊ दगड आहे. दोन टनांची गाडी त्यावर स्टिअरिंग फिरवते तेव्हा काय होतं ते सांगायला नको. पावसाळ्यात त्याच सड्यांवर बोटभर मातीत फुलं येतात. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी वाळूखाली असतात. माझ्या एका विद्यार्थ्याने नवीन टायरची चाचणी सड्यावर घेतल्याचा व्हिडिओ मला कौतुकाने दाखवला होता. मी त्याला दोन वर्षं माझी फीलर गेज दिली नाही.

पुस्तकात एक प्रकरण अडकलेली गाडी बाहेर काढण्याचं आहे. ते कितीही घाई असली तरी वगळू नका. पाटा मोडला तर पैसे जातात. ताणलेला विंचचा दोर किंवा बंपरला बांधलेला पट्टा सुटला तर माणूस जातो. दोरावर जुनं पोतं किंवा घोंगडी टाकणं, बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करणं, चेसीला पक्क्या केलेल्या हुकाशिवाय कुठेही न बांधणं, एवढं तरी पाठ करा.

भागांबद्दलचं प्रकरण वाचकांना विस्कळीत वाटेल, कारण तो बाजारच विस्कळीत आहे. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, हरियाणातली मंडी डबवाली, आपापल्या परीने सगळीकडे माल मिळतो. नवीन डब्यातला भाग चांगला आणि भंगारातला वाईट असं समजू नका. भंगारातल्या मूळ अ‍ॅक्सल शाफ्टचं पोलाद कित्येकदा नव्या डुप्लिकेटपेक्षा सरस निघतं. मात्र रबर, ऑइल सील, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि बेअरिंग हे चार भाग जुने कधीच घेऊ नका, अगदी फुकट मिळाले तरी. आणि काही भाग मिळतच नाहीत. तेव्हा लेथवाला लागतो. जीपच्या स्टिअरिंगचा बेलक्रँक झिजला की त्याला बुश वळून देणारे हात उद्यमनगरात एके काळी गल्लीगल्लीत होते. आता सीएनसी आल्यावर एक नग करून द्यायला कोणाला वेळ नसतो. माझ्या ओळखीचे दोन टर्नर उरलेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बुशाची मापं, बसवण्याची ढिलाई, वापरायचा धातू, हे त्यांना विचारून मी परिशिष्टात लिहून घेतलं. त्यांना ते हसू आलं. "सर, हे काय लिहायचं असतं का? बोटाला कळतंय." त्यांच्या बोटांना कळतं ते कागदावर पूर्ण आलेलं नाही, पण मापं बरोबर आहेत.

पहिल्या प्रकरणाला पान्हासुद्धा लागत नाही. तारेचा ब्रश, थोडं डिझेल, बादली, आणि पाण्याचा जोर. गाडी खालून धुवायची, इतकी की चेसीचा रंग दिसेल. चिखलाखाली तडे लपतात, विशेषतः शॅकलच्या हँगरजवळ आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे. कोकणात वाढलेल्या गाडीला तर चेसीच्या आत गंज असतो. हातोडीने हलकेच ठोकत जा, आवाज कुठे बदबद येतो ते ऐका. मग गाडी थोडी चालवून गरम करा, सपाट जागी लावा आणि तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून झोपायला जा. सकाळी डाग बघा. काळा आणि पातळ तो इंजिनाचा. जाड, चिकट आणि गंधकासारखा वास येणारा तो गिअर ऑइलचा, मग तो गिअरबॉक्सखाली आहे, ट्रान्सफर केसखाली, की गोळ्याखाली ते बघा. चाकाच्या आतल्या बाजूला पाण्यासारखा पण बोटाला निसरडा लागणारा डाग असेल तर गाडी हलवू नका, तो ब्रेकचा आहे. आणि वर्तमानपत्रावर पेन्सिलीने गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते आदल्या रात्रीच लिहून ठेवा, सकाळी कागद उचलल्यावर ते आठवत नाही.